अकरा वकिलांचा संघ

हार्लनपोर्ट, केंटकी
९ जानेवारी १९२७

लेमुएल काका,

अखेर संघ झाला. आज दुपारी प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या तळघरात आम्ही अकरा जण बसलो. अकरा म्हणजे या शहरातले सगळे काळे वकील. साडेतीन तासांनी उठलो तेव्हा कागदावर का होईना, आमची एक संस्था होती. बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, वकील केलंत, म्हणून ही बातमी आधी तुम्हाला.

पण खरं सांगू? घरी आल्यावर मी सगळ्यात आधी हात धुतले. साडेतीन तासांतले दोन तास कोटाला लावायच्या बिल्ल्यावर गेले. त्यावर तराजू असावा की गरुड? कॉर्नेलियस बॉड्री यांना गरुड हवा होता. ते अध्यक्ष झाले, तेव्हा गरुड झाला. मग नियमात कलम आलं, 'सभासद सद्गृहस्थ असावा.' मी विचारलं, "मग मी कोण?" सगळे हसले. बॉड्री म्हणाले, "मिस प्रॅथर, तुम्ही आमच्या चिटणीस. तुमचं अक्षर किती सुरेख आहे." नियमांची पक्की प्रत मीच लिहायची होती, त्यात मी ते कलम गाळलं. सह्या करताना एकानेही वाचलं नाही. वकील आहेत सगळे.

तरीही संघ हवाच. गेल्या सोमवारी कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर गोऱ्या वकिलांच्या संघाच्या ग्रंथालयात गेले होते. आम्हाला आत पाऊल टाकायची बंदी आहे हे तुम्ही जाणताच. तिथल्या कारकुनाने मला दाराशी, पिकदाणीजवळ उभं केलं आणि मला हवा असलेला निकाल आतून मोठ्याने, मुद्दाम भरभर वाचून दाखवला. मी भिंतीला वही लावून लिहीत होते. मधे तो दोनदा थुंकला. एकदा नेम चुकला.

एकटीने हे सोसायचं आणि अकरांनी मिळून सोसायचं, यात फरक असेल असं वाटतं.

तुमची
डोशा


कॅल्डर्स मिल
१७ जानेवारी

प्रिय डोशा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभिमान वाटला. तुझे बाबा असते तर सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं असतं.

माझं वय आता अडुसष्ट. त्यातली वीस वर्षं मी त्याच कोर्टात काढली, तेव्हा दोन शब्द ऐक. बिल्ल्यावरून भांडतात त्यांना भांडू दे. माणसं एकत्र बसायला शिकतात ती अशीच. बॉड्री निसरडा आहे, पण त्याला धरून ठेव. तो माझ्याच कचेरीत कारकून होता, मी त्याला पुरता ओळखतो. पहिल्या वर्षी कोणताही खटला संघाच्या नावावर घेऊ नका. आधी मूळ धरू द्या.

इथे गारठा फार. गुडघा धरतो. शेजारच्या मिसेस टॅली मक्याची भाकरी आणि पालेभाजी पाठवतात, त्यावर माझं भागतं.

तुझा काका,
लेमुएल प्रॅथर


हार्लनपोर्ट
२० फेब्रुवारी

काका,

तुमचा सल्ला मोडते आहे, रागावू नका. खटला आम्ही शोधला नाही, तोच दारात येऊन बसला.

एनॉस टिडवेल, वय बावीस, तंबाखूच्या गोदामात हमाल. गोदामाचा मुकादम डोकं फुटून मेलेला सापडला. एनॉस त्या वेळी नदीपलीकडे बहिणीकडे होता. बहिणीने सांगितलं, तिच्या पाद्रीने सांगितलं. बारा गोऱ्यांच्या ज्युरीने वीस मिनिटांत दोषी ठरवलं आणि त्याला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. त्याचा गोरा वकील निकालाच्या आधीच जेवायला निघून गेला होता. आता वकीलपत्र माझ्याकडे आहे. तुरुंगात भेटायला गेले तर हा मुलगा मला म्हणतो, "ताई, तुम्ही खरंच वकील आहात, की चर्चकडून आलात?"

ज्युरीच्या यादीतून आपल्या लोकांना जाणूनबुजून वगळलं असेल तर शिक्षा रद्द होऊ शकते. देशाच्या सर्वोच्च कोर्टाने हे सांगितल्याला पन्नास वर्षं होत आली. अडतं ते पुराव्यावर. सरकारी वकील दर वेळी म्हणतो, आम्ही काळ्यांचाही विचार करतो, पण लायक कुणी सापडत नाही. म्हणून मी संघापुढे मांडलं: प्रत्येकाने शपथेवर लिहून द्यायचं की या कोर्टात मी इतकी वर्षं आहे आणि ज्युरीत एकही काळा माणूस पाहिला नाही. एकट्याने सही केली तर त्याची वकिली संपवतील. अकरांची एकदम कशी संपवणार?

काका, सगळ्यांनी हात वर केले. बॉड्रींनीसुद्धा. मला भरून आलं होतं, खोटं नाही बोलत.

तुमचं प्रतिज्ञापत्र हवं आहे. १८८६ ते १९०६, वीस वर्षं. एवढा जुना साक्षीदार दुसरा नाही. मसुदा सोबत आहे, फक्त सही करून पाठवा.

डोशा


कॅल्डर्स मिल
१ मार्च

प्रिय डोशा,

मसुदा मिळाला. तो परत पाठवतो आहे.

माझे डोळे आता चालत नाहीत आणि आठवणीचा भरवसा राहिला नाही. वीस वर्षांत काय पाहिलं, काय नाही, हे शपथेवर सांगणं माझ्या वयाला शोभत नाही. उलटतपासणीत म्हाताऱ्याचं हसं होतं आणि नुकसान तुझ्या अशिलाचं.

बॉड्रीचंही पत्र आलं होतं. त्यालाही घाई नको वाटते. डोशा, माणूस वाचवण्याचे दुसरे रस्ते असतात. गव्हर्नरकडे दयेचा अर्ज कर. त्यात कुणाचं नाव खराब होत नाही.

रागावू नकोस. मिसेस टॅलींनी रताळ्याचं गोड पक्वान्न केलं होतं, तुझी आठवण आली.

काका


हार्लनपोर्ट
२१ मार्च

काका,

तुम्ही आणि बॉड्री एकमेकांना पत्रं लिहिता हे ठाऊक नव्हतं. असो. तुमचं आता समाधान होईल.

काल सभा झाली. बॉड्री नवा कोट घालून आले होते, त्यावर गरुड. म्हणाले, आनंदाची बातमी आहे. गोऱ्या वकिलांच्या संघाशी त्यांचं बोलणं झालं. ग्रंथालय आम्हाला उघडणार. मंगळवारी आणि गुरुवारी, दोन ते चार. कोळशाच्या अंगणातल्या दाराने यायचं, मागच्या टेबलावर बसायचं आणि पाणी प्यायला ज्याने त्याने आपला पेला आणायचा. बदल्यात त्यांची एक छोटीशी इच्छा आहे. ती प्रतिज्ञापत्रं देऊ नयेत.

कुणीतरी उठून जाईल असं मला वाटलं. कुणी उठलं नाही. एकाने विचारलं, "पेला काचेचा चालेल ना?"

मी विचारलं, "आणि एनॉस?" बॉड्री अगदी दुःखी चेहरा करून म्हणाले, "मिस प्रॅथर, एक टिडवेल गेला तर वाईटच आहे. पण पुढच्या शंभर टिडवेलांसाठी आपल्याला पुस्तकं हवीत." त्यांनी हे आधी घरी म्हणून पाहिलं असणार.

आठ विरुद्ध तीन. माझ्या बाजूला म्हातारे हायरम गेन्स, ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही, आणि ओटिस रकर, ज्याला सनद मिळून वर्ष झालं. त्यानंतर गोऱ्या संघाच्या आभाराचा ठराव झाला. चिटणीस मी. तो मला लिहावा लागला. लिहिला, काका. 'ऋणी' या शब्दावर शाई पसरली म्हणून पान फाडून पुन्हा लिहिला, सुंदर अक्षरात. मग चिटणीसपदाचा राजीनामा त्याच शाईने लिहून दिला. पण आधी ठराव लिहिला, हे विसरता येत नाही. त्या आठांची शिसारी येते म्हणावं, तर माझीही येते.

सभेनंतर वरच्या मजल्यावर जेवण होतं. डुकराच्या मांसाचे जाड तुकडे, रस्सा, शेवटी गोड पक्वान्न. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. बोटं चाटत होते.

आम्ही तिघंच प्रतिज्ञापत्रं देणार. माझी वर्षं तीन, ओटिसचं एक, गेन्स यांची एकोणीस. तुमची वीस असती तर चाळीसाच्या वर गेलो असतो. तुमचे डोळे बरे असतील अशी आशा.

थिओडोशा प्रॅथर


हार्लनपोर्ट
१२ एप्रिल

मि. लेमुएल प्रॅथर यांस,

आज सुनावणी होती. गेन्स यांची साक्ष संपल्यावर सरकारी वकील उठला. म्हणाला, "कोर्टाला एक जुना कागद दाखवतो." १९०४ सालचं प्रतिज्ञापत्र. या कोर्टात अठरा वर्षं वकिली करणारा एक प्रतिष्ठित काळा वकील शपथेवर सांगतो की ज्युरीसाठी काळ्यांचा नेहमी प्रामाणिक विचार होतो, त्याने तो स्वतः पाहिला आहे, आणि त्यांच्यातले लायक लोकच पुढे येत नाहीत.

मग तो माझ्याकडे वळून हसला. "मिस प्रॅथर, ही सही कदाचित तुमच्या ओळखीची असेल."

मला त्या सहीनेच दर महिन्याला पत्रं येतात.

बॉड्री मागच्या बाकावर बसले होते. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कागदाचं अक्षर त्यांचंच आहे.

सुनावणी २ मेपर्यंत तहकूब आहे. मला एवढंच कळवा. सही तुमची आहे की नाही?

थि. प्रॅथर


कॅल्डर्स मिल
१६ एप्रिल

डोशा,

सही माझी आहे.

तेवीस वर्षं मी हे पत्र मनात लिहीत होतो. प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू बरी दिसायची. आज तसं लिहिणार नाही.

तेव्हा आम्ही चौघे वकील होतो आणि आमचाही संघ होता. वायली लीथ नावाच्या गाडीवानाला फाशीची शिक्षा झाली होती. आम्ही तेच ठरवलं जे तू ठरवलंस. चौघांनी लिहून द्यायचं. तिघांनी खरं लिहून दिलं. मला त्या वेळच्या सरकारी वकिलाने बोलावलं. धमकी दिली असती तर निदान सांगायला काही असतं. त्याने धमकी दिली नाही. बसायला सांगितलं, सिगार दिला. म्हणाला, "लेमुएल, तुझ्यासारखा माणूस कठड्याच्या बाहेर उभा राहतो हे मला बघवत नाही." आम्हाला तेव्हा कोर्टात वकिलांच्या टेबलाशी बसता येत नव्हतं, कठड्यामागे उभं राहून बोलावं लागे. मला आत बसू देणार होते. मला एकट्याला.

मी कचेरीत आलो, बॉड्रीला मजकूर सांगितला, त्याने लिहून घेतला. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो आज जो आहे, त्याला ते कुणी शिकवलं, हे तू विचारायच्या आधीच सांगतो.

तिघांच्या विरुद्ध माझा कागद पुरला. ऑगस्टमध्ये लीथला फाशी दिली. संघ मोडला. पुढच्या आठवड्यात लीथची बायको कचेरीत आली. तिला कागदातलं काही ठाऊक नव्हतं. "वकीलसाहेब, तुम्ही धडपडलात," म्हणाली, आणि पीचच्या मुरंब्याची बरणी ठेवून गेली.

डोशा, तो मुरंबा मी खाल्ला. फेकला नाही, कुणाला दिला नाही. रोज सकाळी पावाला लावून संपवला. बाकीच्या सगळ्याला मी कारणं शोधली, याला आजवर सापडलं नाही.

दोन वर्षं कठड्याच्या आत बसलो, मग तिथे श्वास घेववेना. तुझ्या बाबांना सांगितलं की नदीची हवा मानवत नाही.

गव्हर्नरकडे अर्ज कर म्हटलं ते तुझ्या अशिलासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं.

लेमुएल


हार्लनपोर्ट
१९ एप्रिल

काका,

पत्र वाचलं. उत्तर लिहायला तीन वेळा बसले आणि उठले. तुमच्यावर दया करावी असं पत्रात काही आहे का ते शोधत होते. तुम्ही ठेवलेलं नाही, हे बरं केलंत.

मला माफी द्यायची नाही आणि मागूही नका. तुम्ही माझ्या शिक्षणाची फी भरलीत, ती कुठल्या टेबलाशी बसून मिळालेल्या अशिलांच्या पैशांतून, हा विचार मी सध्या करत नाही. एनॉस सुटला किंवा गेला की करेन.

मला तुम्ही २ मे रोजी सकाळी दहा वाजता साक्षीच्या पिंजऱ्यात हवे आहात. कागद खोटा होता हे तोंडाने सांगायचं. वकील म्हणून हेही सांगणं माझं कर्तव्य आहे की खोट्या शपथेचा गुन्हा जुना होत नाही. तुमची सनद जाईल. तुरुंगही होऊ शकतो. कॅल्डर्स मिलमध्ये सगळ्यांना कळेल, मिसेस टॅलींनाही.

प्रश्न गेन्स विचारतील. मी विचारणार नाही.

डोशा


कॅल्डर्स मिल
२२ एप्रिल

येतो.

लेमुएल


कॅल्डर्स मिल
५ मे

प्रिय डोशा,

तू पूर्ण वेळ कागदात डोकं घालून होतीस आणि सुनावणी संपताच एनॉसबरोबर तुरुंगाच्या दाराने निघून गेलीस. म्हणून तुला काय दिसलं, काय नाही, मला ठाऊक नाही. मला काय दिसलं ते सांगतो.

पिंजऱ्यात चढताना गुडघा अडकला. कुणी हात दिला नाही. मागच्या बाकांवर तुमच्या संघाचे आठ जण होते. बॉड्रीने बिल्ला काढून ठेवला होता. गेन्स यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, पण त्यांना ऐकू गेलं नाही. त्यामुळे "तो कागद खोटा होता" हे वाक्य मला तीनदा म्हणावं लागलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ते मला अवघड गेलं नाही.

सरकारी वकिलाने तेच विचारलं जे मीही विचारलं असतं. "तेव्हा खोटं बोललात की आता बोलता?"

"तेव्हा."

"काय मिळालं होतं?"

"कठड्याच्या आत बसायला."

"बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. "त्याहून जास्त मागायचं मला सुचलं नाही."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तुमचा अर्ज तिथेच फेटाळला, ते तू ऐकलंस. पण माझं बोलणं नोंदीत आलं, आणि नोंद आता वरच्या कोर्टात जाईल.

बाहेर पायऱ्यांवर बॉड्री आला. म्हणाला, "मि. प्रॅथर, तुम्ही माझ्याशी असं का वागलात?" मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या जागी मला तो वीस वर्षांचा मान वर करणारा कारकून दिसत होता.

मिसेस टॅलींनी भाकरी पाठवणं थांबवलं आहे. मी स्वतः करायला शिकतो आहे. जळते.

लेमुएल


कॅल्डर्स मिल
२३ ऑक्टोबर

प्रिय डोशा,

सनद जूनमध्ये काढून घेतली हे तुला कळलंच असेल. तुरुंगात घातलं नाही. मला वाटतं, तो जुना कागद पुन्हा उघडला असता तर सरकारी वकिलांना त्यात आपल्याच माणसांची नावं वाचावी लागली असती.

गेन्स यांनी लिहिलं की तुम्ही तिघांनी नवा संघ काढला आहे आणि सभासद होण्याआधी प्रत्येकाला ज्युरीबद्दलचं प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागतं. माझी सही तर आधीच नोंदीत आहे. मला सभासद करून घ्याल का? मतदानाचा हक्क नको. सभेच्या दिवशी खुर्च्या मांडेन. नुसतं यादीत नाव असावं, एवढीच इच्छा आहे.

लेमुएल


हार्लनपोर्ट
१३ नोव्हेंबर

काका,

आधी मोठी बातमी. वरच्या कोर्टाने एनॉसची शिक्षा रद्द केली. खटला नव्याने चालवायचा आणि ज्युरीची यादीही नव्याने करायची. निकालपत्रात तुमच्या साक्षीचं दीड पान आहे. एनॉसला सांगायला गेले, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, म्हणजे मला पुन्हा तिथेच उभं राहायचं?" हो म्हणाले. ही सुटका नाही हे त्याला माझ्याआधी कळलं. नव्या यादीत दोनशे नावांत आपली चार आहेत.

निकाल छापून आला त्याच संध्याकाळी त्या आठांतले पाच जण माझ्या दारात उभे. हॅट हातात, चेहरे उजळलेले. म्हणतात, आम्ही मनातून तुमच्याच बाजूचे होतो. एकाने फोटोग्राफरशी बोलूनही ठेवलं होतं. निकालाच्या प्रतीसह सगळ्यांचा एकत्र फोटो. मी प्रत्येकापुढे कोरं प्रतिज्ञापत्र ठेवलं. दोघांनी सही केली. तिघांना घरी काम निघालं. बॉड्री आले नाहीत. ते आता मंगळवारी आणि गुरुवारी ग्रंथालयात बसतात. एकटेच असतात म्हणे.

म्हणजे आम्ही पाच झालो. त्या दोघांशी हात मिळवायची इच्छा नव्हती. तरी मिळवला, कारण पाच हे तीनपेक्षा जास्त आहेत. संघ बांधणं म्हणजे बहुतेक हेच असावं. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमचा अर्ज. काल सभेत ठेवला. नियमाप्रमाणे सनद हवी, पण ओटिस म्हणाला, नियम आपणच केलेत, बदलू. गेन्स म्हणाले, या म्हाताऱ्यामुळे एक माणूस जिवंत आहे. नवे दोघे तर सगळ्यालाच हो म्हणतात. चार मतं तुमच्या बाजूने पडली. एकाचाही विरोध असेल तर सभासद करायचं नाही, असं आमचं कलम आहे.

मी विरोधात मत दिलं.

यादी वाचताना वायली लीथच्या बायकोचा विचार मनात आला. ती हयात असेल आणि कधी ती यादी तिच्या हाती पडली, तर तुमचं नाव तिला तिथे दिसू नये असं मला वाटलं. एवढं एकच कारण आहे, आणि ते बदलेल असं वाटत नाही.

कॅल्डर्स मिलमध्ये थंडी सुरू झाली असेल. गुडघा सांभाळा. येत्या रविवारी मी कोंबडी करते आहे, जेवण दोन वाजता. सकाळची गाडी साडेअकराला पोचते. मी स्टेशनवर येईन.

डोशा